विकून लग्न लावलेली मुलगी परत आली, तर कायद्याच्या लेखी ती कोण?

धानपट्टा

परराज्यात लग्न लावून पाठवलेली, म्हणजे खरं तर पैसे घेऊन दिलेली मुलगी गावात परत आली, तर कायदा तिला काय समजतो? पीडित, साक्षीदार की आरोपी? आमच्या भागात सध्या तिन्ही उत्तरं ऐकू येतात, आणि त्या घोळात एक पोरगी रोज वाळत चाललीय. इथे वकील आहेत, महसुलातली माणसं आहेत, महिलागृहात काम केलेल्या ताई आहेत, म्हणून धागा काढतोय.

आमचा भाग गोंदिया जिल्ह्यातला, छत्तीसगढच्या सीमेकडचा. धानाचं एक पीक, मग मोहफूल, तेंदूपत्ता, आणि उरलेल्या महिन्यांत जिथं काम मिळेल तिथं. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, तुम्हीही गाव विचारू नका. मामाच्या ओळखीतल्या एका बाईनं राजस्थानातली सोयरीक आणली. हुंडा नाही, खर्च सगळा मुलाकडचा, वरून मामाच्या हातात रक्कम. देवळात हार घातले, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी रेल्वेत बसवलं. तिथं गेल्यावर कळलं की नवऱ्याचं वय सांगितलं त्याच्या दुप्पट. फोन काढून घेतला. शेतात आणि गोठ्यात दिवसभर काम, घराबाहेर एकटीनं पाऊल टाकायचं नाही, आणि काही बोललं की ‘तुला विकत आणलंय’. बाकीचं मी लिहीत नाही, तुम्हाला कळतं. वर्षाच्या वर काढून ती तान्ह्या बाळाला घेऊन तिथून निघाली आणि घरी पोचली.

बापानं मध्यंतरी हरवल्याची तक्रार दिली होती. ती आल्यावर ठाण्यात ‘मिळून आली, स्वखुशीने लग्न करून गेली होती’ असा जबाब लिहून घेतला आणि कागद बंद. आता तिकडून फोन येतात की दागिने घेऊन पळाली, लुटेरी दुल्हन म्हणून केस टाकतो. गावातले जाणते म्हणतात, गप बसा. केस केली तर मामा आत जाईल, बापही जाईल, आणि पोरीला सुधारगृहात टाकतील.

यातलं खरं किती? ती स्वतः म्हणते, ‘मी हो म्हटलं होतं ना लग्नाला, मग माझीच चूक.’ तिला काय सांगायचं ते मला कळत नाही.

वैनगंगाकाठ

आमच्याकडे भंडारा बाजूलाही हेच ऐकतो. ज्या घरात दोन-तीन मुली आणि बाप दारूत, तिथं दलाल बरोबर पोचतो. बहुतेक वेळा दलाल बाईच असते, आणि तीही कधी काळी अशीच गेलेली असते. उत्तरांची वाट बघतोय.

कोर्टाची पायरी

धानपट्टा भाऊ, आधी तिच्या वाक्याचं उत्तर देते, कारण ते तिला आजच सांगायला हवं. तिनं हो म्हटलं होतं की नाही, याला कायद्यात काही किंमत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यासाठी भारतीय दंड विधानाचं कलम ३७०, त्याच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की पीडितेची संमती गैरलागू आहे. हे कलम २०१३ च्या दुरुस्तीनं आजच्या रूपात आलं. त्याआधी २०११ मध्ये भारतानं मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार मंजूर केला होता, व्याख्या बरीचशी तिथूनच घेतलीय.

ती व्याख्या तुमच्या प्रकरणाला कशी लागते ते बघा. शोषणासाठी माणसाला जमवणं, नेणं, आसरा देणं, पुढे सोपवणं आणि स्वीकारणं, यातलं काहीही, जर धमकी, बळजबरी, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा आमिष दाखवून केलं असेल तर तो गुन्हा. आमिषात काय येतं, तर त्या व्यक्तीवर ज्याचा ताबा आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे देणं किंवा घेणं. मामाच्या हातात पडलेली रक्कम म्हणजे नेमकं हेच. नवऱ्याचं वय खोटं सांगणं ही फसवणूक. आणि शोषण म्हणजे फक्त वेश्याव्यवसाय नाही. कुठलंही लैंगिक शोषण, शारीरिक शोषण, गुलामी, गुलामीसारखे प्रकार, हे सगळं त्यात आहे. ‘विकत आणलंय’ म्हणून कोंडून राबवणं लग्नाचा हार घातल्यानं धुतलं जात नाही. शिक्षा किमान सात वर्षं, दहापर्यंत. मुलगी अठराखालची असेल तर किमान दहा, जन्मठेपेपर्यंत. अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात.

म्हणून पहिला प्रश्न वयाचा. लग्नाच्या दिवशी ती किती वर्षांची होती? आधार कार्डावर जाऊ नका. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे शाळेचा किंवा बोर्डाचा जन्मतारखेचा दाखला पहिला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच म्हटलंय. शाळेचा कागद असताना तपासणीला पाठवणं म्हणजे बचाव पक्षाच्या हातात आयता मुद्दा देणं.

अठराखालची निघाली तर सगळंच पालटतं. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चं कलम १२ सांगतं की फसवून नेलेल्या किंवा लग्नासाठी विकलेल्या अज्ञान मुलीचं लग्न शून्य आहे, म्हणजे ते झालंच नाही. बाकीचे बालविवाह रद्द करून घ्यावे लागतात, हा लागत नाही. हा कायदा आदिवासींनाही लागू आहे. शिवाय पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो.

अठरावरची असेल तर लग्न आपोआप शून्य होत नाही. हिंदू विवाह कायद्यात फसवणुकीच्या आधारे ते रद्द करून मागता येतं, पण फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षात, आणि त्यानंतर ती स्वखुशीनं तिथं नांदलेली नसेल तरच. ती बळानं तिथं होती, त्यामुळे मुदत बळ संपल्यापासून, म्हणजे ती निसटली त्या दिवसापासून मोजावी असं म्हणता येईल. म्हणून उशीर नको. आणि ती अनुसूचित जमातीची असेल तर हिंदू विवाह कायदा लागूच होत नाही, तिथं रूढी बघावी लागते. हे सांगायचं विसरणारे वकील फार आहेत. लग्न रद्द करून घेतलं तरी बाळ औरसच, त्याची चिंता करू नका.

आता ‘कागद बंद’. हरवल्याची नोंद बंद झाली म्हणजे तस्करीचा गुन्हा बंद झाला असं नाही, तो अजून नोंदवलेलाच नाही. पुरवणी जबाब आणि १४३ खाली नवी एफआयआर मागा. ठाणेदार म्हणाले की घटना राजस्थानातली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो. इथं तर व्यवहारच तुमच्या तालुक्यात झाला. नाकारलं तर लेखी अर्ज टपालानं पोलीस अधीक्षकांना, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे. आणि तिचा जबाब कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर लवकर व्हायला हवा. ठाण्यातला ‘स्वखुशीने’ हा शब्द खोडून काढायची ताकद त्याच जबाबात आहे.

आरोपाच्या धमकीबद्दल. राजस्थानात खरंच गुन्हा दाखल झाला तरी अटकपूर्व जामिनासाठी तिला तिकडे धावावं लागणार नाही. दुसऱ्या राज्यातल्या एफआयआरमध्येही इथलं सत्र किंवा उच्च न्यायालय मर्यादित काळाचं संरक्षण देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. पण आपली एफआयआर आधीची असणं केव्हाही बरं. दागिन्यांची खोटी केस बहुतेक वेळा याचसाठी असते की मुलगी आधी आरोपी झाली की तिची फिर्याद सूडाची वाटावी.

बाप आत जाईल का? पैसे घेतले आणि पोरीचं काय होणार हे त्याला माहीत होतं, तर तो आरोपी आहे आणि ते लपवून चालणार नाही. पण तोही फसला असेल, रक्कम मामानं ठेवली असेल, तर तो साक्षीदार आहे. त्यानंच हरवल्याची तक्रार दिली, ही गोष्ट त्याच्या बाजूनं मोठी आहे.

कापूसवेचणी

ताई, सगळं पटलं. पण दुसरी बाजू सांगतो. तिकडचे नवरेही गरीबच असतात. मुलींची संख्या कमी, चाळिशी गाठली तरी लग्न नाही, शेत गहाण टाकून दलालाला पैसे देतात. आमच्या यवतमाळातही आता कास्तकाराच्या पोराला मुलगी मिळत नाही, उद्या इथलेही असंच करतील. त्या माणसाला दहा वर्षं आत टाकून काय मिळणार? खरा गुन्हेगार दलाल आहे.

कोर्टाची पायरी

कास्तकाराच्या पोराचं दुःख खरं आहे. पण मुलगी नको म्हणत असताना तिचा फोन काढून घेणं, दाराला कडी लावणं, हे गरिबीनं होत नाही, तिथं प्रत्येक दिवशी एक निर्णय घेतलेला असतो. व्याख्येत ‘स्वीकारणारा’ मुद्दाम घातलाय. ज्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं आणि ज्यानं तिला माणसासारखं वागवलं, त्याच्याविरुद्ध शोषणाचा उद्देश सिद्ध होणं अवघडच आहे. तो सुटेलही. पण ते कोर्टानं ठरवावं, ठाण्यातल्या जमादारानं नाही.

संत्रानगरी

सुधारगृहाच्या भीतीबद्दल मी लिहिते, कारण मी महिलांच्या गृहात बरीच वर्षं काम केलंय. (कुठल्या ते लिहीत नाही.)

ही भीती खोटी नाही, फक्त या मुलीला ती लागू होत नाही. गृहात पाठवण्याची तरतूद १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात आहे आणि ती वेश्याव्यवसायाच्या ठिकाणी धाड पडली की वापरतात. कलम १७ प्रमाणे मॅजिस्ट्रेट चौकशी लावतो, तोवरचा ताबा तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. चौकशीत परिवीक्षा अधिकारी घरची माहिती काढतो, मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ बोलवता येतं, त्यात शक्यतो तीन बायका. मग वाटलं तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश. घरी सोपवायचं तर आई-बाप किंवा नवरा त्या लायकीचे आहेत का, हेही बघायचं असतं, कलम १७-अ त्याचसाठी आहे.

कागदावर हे काळजीचं वाटतं. आत राहणाऱ्या बाईला विचारा. दलालानं कोंडलं, पोलिसांनी सोडवलं, आणि सरकारनं पुन्हा कोंडलं, असंच तिला वाटतं. गुन्हा सिद्ध झालेला दलाल वरच्या कोर्टातून जामिनावर बाहेर, आणि जिच्यावर गुन्हा झाला ती आत सही-शिक्क्याची वाट बघत बसलेली, हे मी पाहिलंय. खिडकीच्या जाळीतून एक मुलगी मला म्हणाली होती, ‘मॅडम, माझी शिक्षा किती हे तरी सांगा.’ तिला शिक्षा नव्हतीच, म्हणून तर तारीखही नव्हती.

न्यायालयांनी यावर बोललं नाही असं नाही. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका संस्थेच्या याचिकेवर बजावलं की अठराखालची मुलगी सापडली तर ती मॅजिस्ट्रेटकडे नाही, बाल कल्याण समितीकडे जाईल, आणि कुंटणखान्याच्या मालकाचा वकील त्याच प्रकरणात पीडितेचा वकील होणार नाही. तोवर असे वकील दोघांच्या वतीनं उभे राहून मुलींना ‘नातेवाइकांच्या’ ताब्यात मिळवत होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयानं तीन सज्ञान तरुणींना गृहात डांबण्याचा आदेश रद्द केला. पीडितेला शिक्षा करणं हा या कायद्याचा हेतू नाही, आणि सज्ञान बाईला कुठे राहायचं ते ठरवायचा हक्क आहे, असं म्हटलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धाडीत सापडलेल्या बायकांना अटक किंवा दंड करू नका, आणि इच्छेविरुद्ध गृहात ठेवलेल्या सज्ञान बायकांची यादी करून ठराविक वेळात सोडवा.

तरीही त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम ८ अजून जिवंत आहे. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावलं म्हणून बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद. ती तिथं कशी आली, हे त्या कलमाला विचारावंसं वाटत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरात गंगाजमुना या वेश्यावस्तीचे रस्ते पोलिसांनी बंद केले, तेव्हा बायका कुठे गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला? माझा राग यावर आहे. सोडवायला गाडी तत्काळ निघते, सोडवल्यानंतरच्या दिवसाचं नियोजन मात्र कुणाच्याच टेबलावर नसतं.

भाऊ, तुमच्या पोरीला सांगा, ती घरी आहे, सज्ञान आहे, कुणी तिला उचलून नेणार नाही. घरी मामाचा त्रास असेल आणि तिला स्वतःला काही दिवस बाहेर राहावंसं वाटलं, तर सखी केंद्र, म्हणजे संकटातल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, आहे. तिथं ती मर्जीनं जाते आणि मर्जीनं निघते.

निवृत्त नायब

हा विषय लग्नापुरता ठेवू नका. आपल्या भागात सर्वात जास्त माणसं जातात ती मजुरीच्या नावानं. गडचिरोली, चंद्रपूरचे लोक हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात, मेळघाटातले कोरकू वीटभट्टीवर आणि बांधकामावर. बहुतेक जण कमावून परत येतात, ते स्थलांतर आहे, त्याला तस्करी म्हणू नये. पण ठेकेदारानं आगाऊ रक्कम दिली, आणि हंगाम संपल्यावर ‘फिटली नाही’ म्हणून जाऊ दिलं नाही, मजुरी अडवली, बायको-पोरांना मागे ठेवून घेतलं, तर ती वेठबिगारी आहे. राज्यघटनेच्या कलम २३ नं मानवी व्यापार आणि वेठबिगारी एकाच वाक्यात बंद केलीय. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबवणं हेही सक्तीचं काम, कारण भूक ही सुद्धा सक्तीच.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा पीडिताच्या बाजूनं फार कडक आहे, आणि तो फार कमी वापरला जातो. कर्ज आपोआप रद्द. ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर, मजुरावर नाही. असं उलटं ओझं फौजदारी कायद्यात क्वचितच सापडतं.

पण सगळं एका कागदावर अडतं. मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे हा मजूर वेठबिगारीतून सोडवला असा दाखला. ते एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा जिल्हाधिकारी देतात. २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्रीला आणि बालकाला दोन लाख, आणि लैंगिक शोषण, तस्करी, अपंगत्व अशा बिकट प्रकरणात तीन लाख आहेत. योजना सुधारल्यावर तातडीची मदत तीस हजारांपर्यंत झाली. मोठी रक्कम शिक्षा लागण्याशी जोडलेली आहे, त्यामुळे ती वर्षानुवर्षं येत नाही. तातडीची मदत मात्र निकालाला बांधलेली नाही.

प्रत्यक्षात काय होतं? तिकडचे अधिकारी मजुरांना ट्रकमधून उतरवून बसमध्ये बसवतात. मजूर खूश, अधिकारी मोकळे, मालकही मोकळा. हातात प्रमाणपत्र नाही. इकडे तहसिलीत आला की आम्ही विचारणार, कागद कुठे? मुक्तता जिथं झाली तिथल्या एसडीओचा कागद हवा, आणि तो बस सुटायच्या आधी मागावा लागतो. एकदा माणूस गावी पोचला की दोन राज्यांचे पत्रव्यवहार सुरू होतात आणि त्यात तो म्हातारा होतो. पोलीस पाटील, सरपंच, रोजगार सेवक, जो कोणी फोनवर असेल त्यानं एवढं एकच वाक्य म्हणावं: प्रमाणपत्र दिल्याशिवाय आमची माणसं पाठवू नका.

धानपट्टा, तुमच्या प्रकरणात शेतात बिनपगारी राबवलं हेही जबाबात नीट यायला पाहिजे. लैंगिक अत्याचाराच्या पुढे ते कुणी लिहून घेत नाही.

गावची आशा

मी आशा सेविका आहे, चंद्रपूर जिल्ह्यात. कायद्याचं मला जास्त कळत नाही, पण असे कागद करायला मी बायकांबरोबर गेलेली आहे. ताईंना विचारायचं होतं. दवाखान्यात तपासणीला नेतात तेव्हा बाईनं नाही म्हटलं तर चालतं का? एका मुलीला डॉक्टरांनी जे विचारलं ते ऐकून ती दोन दिवस जेवली नाही. आणि गावच्या ग्रुपवर फोटो फिरतो त्याचं काय?

कोर्टाची पायरी

नाही म्हटलेलं चालतं. तपासणी तिच्या संमतीनंच, आणि संमती घेतली असं अहवालात लिहावं लागतं. त्या मुलीची दोन बोटांची चाचणी केली असेल तर तो गैरप्रकार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर पुन्हा बंदी घातली आणि करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सांगितलं. उपचार मात्र फुकट आणि लगेच मिळायलाच हवेत, एफआयआर असो वा नसो.

बलात्काराचं किंवा पोक्सोचं कलम लागलं असेल तर नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही पसरवणं गुन्हा आहे. बलात्काराच्या प्रकरणात न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला हे वाचून दाखवा. नुसतं तस्करीचं कलम असेल तर ७२ थेट लागत नाही, ही कायद्यातली उणीव आहे.

आणखी एक. जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं, आणि लैंगिक गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा. तुम्ही सोबत बसू शकता, आशाताई. तुम्ही बसलात की जबाबाचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

सातपुडा

माझा प्रश्न अवघड आहे. आमच्या तालुक्यातली एक बाई दहा-बारा वर्षांपूर्वी अशीच मध्य प्रदेशात दिली गेली. आता ती स्वतः इथल्या मुली तिकडे नेते. मागच्या साली पकडली गेली. ती पीडित की आरोपी? गाव म्हणतं फाशी द्या. मला तिची लहानपणची फ्रॉकमधली आठवण आहे.

वैनगंगाकाठ

आरोपी. ज्या मुली तिनं नेल्या त्यांच्या मायबापांना विचारा.

संत्रानगरी

इतकं सोपं नाही. माझ्या पाहण्यात ज्या होत्या, त्यांना ‘दुसरी आणून दे, मग तुला माहेरी जाऊ देतो’ असं सांगितलेलं होतं. ती त्यांच्या सुटकेची किंमत होती. पहिली मुलगी आणली तेव्हा ती पीडितच होती. चौथी आणली तेव्हा काय होती, मला सांगता येत नाही.

कोर्टाची पायरी

कायदा इथे थिटा आहे. तस्करीच्या दबावाखाली पीडितेकडून घडलेल्या गुन्ह्याला माफी, असं सरसकट कलम आपल्याकडे नाही. धमकीखाली केलेलं कृत्य माफ करणारं एक सर्वसाधारण कलम आहे, पण त्यासाठी त्याच क्षणी मरणाची भीती लागते. वर्षानुवर्षांची गुलामी त्यात बसत नाही. २०१८ मध्ये लोकसभेनं तस्करीचं स्वतंत्र विधेयक मंजूर केलं होतं, राज्यसभेत ते आलंच नाही आणि २०१९ मध्ये बाद झालं. २०२१ मध्ये नवा मसुदा आला, तोही कायदा झाला नाही. तोवर तिचा इतिहास शिक्षा ठरवताना मांडता येतो, इतकंच. सातपुडा, तिच्या वकिलानं तिचं स्वतःचं जुनं लग्न, ते कसं झालं, कुणी पैसे घेतले, हे पुराव्यानिशी कोर्टापुढे आणायलाच हवं. वैनगंगाकाठ, त्या मायबापांचा हक्क त्यानं कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच खटल्यात खऱ्या असू शकतात.

धानपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून तिला वाचून दाखवला. ‘संमती गैरलागू’ हे तिनं दोनदा वाचायला लावलं.

शाळेतून उतारा मिळाला. लग्नाच्या दिवशी तिला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने बाकी होते. आधारवर वय वाढवलेलं आहे, ते दलाल बाईनंच करून आणलं होतं असं बाप म्हणतो. म्हणजे ताईंच्या म्हणण्याप्रमाणे लग्न शून्य. ती गोंड समाजाची आहे, तेही आधी लिहायला हवं होतं असं आता कळतं.

तालुका विधी सेवा समितीत गेलो. तिथल्या बाबूनं उत्पन्नाचा दाखला मागितला. मामाविरुद्ध नाव द्यायला ती अजून तयार नाही, तिची माय त्याच्याच घरात लहानाची मोठी झालीय. तिला जोर करायचा नाही असं मी ठरवलंय. पण तिनं नाव दिलं नाही तर केस उभी राहते का? आणि बाळाच्या दाखल्याचं, जातीचं काय?

कोर्टाची पायरी

उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ बघायला सांगा. मानवी व्यापाराचा किंवा वेठबिगारीचा बळी, स्त्री, अनुसूचित जमातीची व्यक्ती, यातल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ती तिन्हीमध्ये बसते. ऐकलं नाही तर १५१०० वर फोन लावा, तिथूनच, त्याच्या टेबलासमोरून.

पाच महिने कमी म्हणजे पोक्सो लागणार, आणि नेणारे-ठेवणारे अनुसूचित जाती-जमातीचे नसतील तर अ‍ॅट्रॉसिटीही. मग तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करेल, आणि सरकारी अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्यानं मिळेल, त्यातला पहिला टप्पा बहुतेक गुन्ह्यांत एफआयआरशी जोडलेला असतो. आरोपी कुठल्या जातीचे हे जबाबात स्पष्ट यायला हवं.

मामाचं नाव तिनं नाही दिलं तरी एफआयआर होते. तिनं घडलं ते सांगायचं, कोणी काय केलं ते शोधणं तपासाचं काम आहे. दलाल बाईचा फोन, रेल्वेची तिकिटं, पैशांचे व्यवहार यातून मामा येईलच. फक्त मॅजिस्ट्रेटसमोर विचारलं तर खोटं बोलू नको म्हणावं. मामाला वाचवायला एक वाक्य खोटं निघालं की तिचा सगळा जबाब पाडायला बचावाला तेवढंच पुरतं. खटला बंद दालनात चालेल, आरोपी तिच्या समोर येणार नाही अशी बसण्याची सोय मागता येते. तिला हे आधी दाखवून आणा, रिकाम्या कोर्टात एकदा बसवून आणा.

बाळाची नोंद जन्म झाला तिथली लागते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर तिकडच्या नोंदीची प्रत विधी सेवेमार्फत मागवा, तिनं स्वतः त्या गावी पाय ठेवू नये. जातीबद्दल, बाप वेगळ्या जातीचा असला तरी मूल आदिवासी आईकडे, तिच्या समाजात वाढत असेल तर आईची जमात लागू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. त्यासाठी अंगणवाडीत नाव आजच टाका, गावातल्या नोंदी पुढे कामी येतात.

आणि भरपाईचा अर्ज निकालापर्यंत ठेवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एफआयआरची प्रत जोडून अंतरिम मदत मागता येते. एफआयआरची प्रत तिला फुकट द्यायची असते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. उतारा, हरवल्याच्या तक्रारीची पोच, आणि तिकडून आलेल्या धमकीच्या फोनचे नंबर तारखांसह एका वहीत लिहून न्या. मी गोंदियाला गुरुवारी असते. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, तिला यायचं असेल तर आशाताईसारखी एखादी बाई सोबत असू द्या.